तो घुमट आणि ते घुमट

मे महिन्यात माझ्या नणंदेची लेक इंदूरहून आठ दिवसांसाठी बेळगावला आली होती. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मराठी छान बोलते, पण तिच्या मराठीला राजवाड्याच्या चौकातली हवा लागलेली आहे. संध्याकाळचा चहा झाल्यावर ती मला म्हणाली, "मामी, चला ना, कुठंतरी घुमायला जाऊ."

सासूबाई डाळ निवडत बसल्या होत्या. त्यांचा हात ताटातच थांबला.

"घुमायला? अगं बाई, कुणाच्या अंगात आलंय की काय?"

आता गोंधळायची पाळी भाचीची होती. तिला वाटलं आजीला ऐकू कमी येतंय, म्हणून ती आणखी मोठ्यानं म्हणाली, "आजी, घुमायला! बाहेर!" त्यावर सासूबाई गंभीरपणे म्हणाल्या, "बाहेर नको ग बाई, लोक बघतील. देवघरात बस."

हसून हसून आमची पोटं दुखली. पण ते हसणं ओसरल्यावर भाचीनं जो प्रश्न विचारला, तो या महिन्याच्या सदराचा विषय झाला. ती म्हणाली, "मामी, मग मराठीत घुमणं म्हणजे नक्की काय? इको का?"

हिंदीतलं 'घूमना' म्हणजे फिरणं. आपलं 'घुमणं' आवाजाचं. इंदूर-ग्वाल्हेरकडची आपली माणसं 'घुमायला जातो' म्हणतात आणि पुण्याची माणसं नाक मुरडतात. मला त्यात नाक मुरडण्यासारखं काही दिसत नाही. दोन-अडीचशे वर्षं हिंदीच्या शेजारात नांदलेल्या घरात शेजारणीची वाटी-दोन वाटी भाजी येणारच. आमच्या बेळगावी 'की' वर तरी काय कमी हसतात? पण शेजारणीची भाजी ताटात आली म्हणून घरची आमटी विसरायची नाही. 'घुमणं' ही घरची आमटी आहे.

मी भाचीला म्हटलं, आधी एक कर. 'खण' म्हण. मग 'घुम' म्हण आणि शेवटचा 'म' सोडू नकोस, धरून ठेव. 'खण' म्हटलं की आवाज बाहेर पडतो आणि संपतो. नाणं फरशीवर पडावं तसा. 'घुम' म्हणताना 'घ' घशातून भारी उठतो, 'उ'ला ओठ गोल होतात आणि 'म'ला मिटतात. आवाजाला तोंडातून वाट नाही, म्हणून तो नाकात आणि कपाळात फिरत राहतो. हनुवटीवर बोट ठेवलं तर बोटालाही कळतं. या शब्दाची व्युत्पत्ती शोधायला फार लांब जावं लागत नाही. तो त्या आवाजाची नक्कल आहे. गुणगुणणं, गुंजारव, दुमदुमणं, हुंकार ही त्याचीच भावंडं. म आणि न हे मिटलेल्या वाटेचे वर्ण सगळ्यांच्या पोटात आहेत.

आता 'इको'. त्याला आपला सुंदर शब्द आहे 'पडसाद'. जुन्या 'प्रतिशब्द'चा प्राकृतात 'पडिसद्द' झाला आणि त्याचा मराठीत पडसाद. 'साद' म्हणजे शब्दच, हाक. 'पड' म्हणजे प्रति, उलट येणारा. पडछाया, पडजीभ यांतलाही 'पड' हाच. तेव्हा पडसाद म्हणजे तुम्ही घातलेली साद, जी पलीकडच्या डोंगराला लागून तुमच्याकडे परत येते. 'निनाद' संस्कृतातला, 'नद्' धातूचा. गर्जत जाते म्हणून 'नदी' हा शब्दही याच धातूवरून सांगतात. निनादात आवाज पसरत पुढे जातो. घुमण्यात आवाज परतही येत नाही आणि पुढेही जात नाही. तो आत राहतो. भिंती हव्यात, पोकळी हवी, आणि बाहेर पडायला वाट थोडी हवी.

म्हणून वळचणीला पारवा घुमतो. देवळाच्या गाभाऱ्यात मंत्र घुमतो. रिकाम्या घरात, सामान हलवल्यावर, आपलाच आवाज घुमतो आणि नको वाटतं. आश्विनातल्या अष्टमीला कोकणस्थांच्या घरी महालक्ष्मीपुढं घागर फुंकतात, तेही घुमणंच. घागर आधी धुपावर धरायची आणि मग तिच्या तोंडाशी ओठ नेऊन फुंकत नाचायचं. सासूबाई घाबरल्या त्या या घुमण्याला. जत्रेत झाड घुमतं, देवऋषी घुमतो, त्यातही माणसाच्या छातीतून तोच मिटल्या तोंडाचा हुंकार येतो.

आणि मग एक उलटाच वाटणारा अर्थ. जो माणूस फारसा बोलत नाही, मनातलं मनात ठेवतो, त्याला आपण 'घुमा' म्हणतो. भाचीनं इथंच अडवलं. "म्हणजे आवाज करतो तोही घुमतो आणि गप्प बसतो तोही घुमा? हे कसं, मामी?"

मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. "असते भाषा अशी" असं काहीतरी म्हणून मी वेळ मारून नेली. शब्दांवर सदर लिहिणाऱ्या बाईनं असं उत्तर देऊ नये, पण दिलं खरं.

दोन दिवसांनी आम्ही तिला गोल घुमट दाखवायला विजापूरला नेलं. आता त्याचं सरकारी नाव विजयपूर आहे, पण आमच्या घरात तोंडात विजापूरच येतं. बेळगावहून दोनशे किलोमीटरच्या वर अंतर, म्हणून पहाटेच निघालो. गाडीत मी भाचीला मोठ्या थाटात ठोकून दिलं, की तिथं आवाज घुमतो म्हणून त्याला घुमट म्हणतात. बघ, शब्दातच सगळं आहे! तिनं ते मोबाईलमध्ये टिपूनही घेतलं.

गोल घुमट ही मुहम्मद आदिलशहाची कबर. तो १६२७ मध्ये गादीवर आला आणि १६५६ मध्ये वारला. शिवाजी महाराजांची सुरुवातीची वर्षं याच्याच कारकिर्दीतली, हे सांगितल्यावर भाचीचा चेहरा बदलला. तोवर ती इमारत तिला फक्त फोटो काढायची जागा वाटत होती. बांधणाऱ्याचं नाव याकूत दाभुळी असं सांगतात, म्हणजे त्याचं नाव आपल्या कोकणातल्या दाभोळशी जोडलेलं. घुमटाचा व्यास बाहेरून सुमारे ४४ मीटर आणि आतून ३८ च्या आसपास, आणि खाली आधाराला एकही खांब नाही. कोपऱ्यातल्या मनोऱ्याच्या अरुंद जिन्यानं चढून गेलं की घुमटाच्या तळाशी आतून गोल फिरणारा सज्जा आहे. तिथं भिंतीशी तोंड नेऊन कुजबुजलं तर समोरच्या टोकाला ऐकू येतं. आवाज त्या गोल भिंतीला धरून सरकत जातो.

तुम्ही गेलात तर सकाळी दार उघडतानाच जा. आम्ही पोचलो तेव्हा गर्दी झाली होती आणि प्रत्येकाला स्वतःचं नाव ओरडून बघायचं होतं. तो घुमण्याचा आनंद नव्हता, नुसता कल्लोळ होता. तासाभरानं थोडं रिकामं झालं. भाची समोरच्या टोकाला जाऊन भिंतीला कान लावून उभी राहिली. मी काय कुजबुजावं याचा विचार करत होते, तेवढ्यात माझ्या कानाशी, अगदी खांद्यावर हनुवटी ठेवून बोलावं तशी ती म्हणाली, "मामी, भूक लागली."

मग टाळी वाजवून बघितली. मी सहा मोजल्या, तिनं नऊ. तरुण कान!

तिथं मला एक गोष्ट खटकली. ती टाळी घुमत नव्हती. एकेक सुटी परत येत होती. टप्, टप्, टप्, बारीक होत. भाची विज्ञानाची विद्यार्थिनी, तिनं तिथल्या तिथं हिशेब मांडला. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. समोरच्या भिंतीपर्यंत जाऊन यायला ७६ मीटर, म्हणजे सेकंदाच्या पाचव्या भागाहून थोडं जास्त. आपल्या कानाला दोन आवाज वेगळे कळायला सेकंदाचा दहावा भाग पुरतो. म्हणजे इथली टाळी मूळ टाळीपासून वेगळी ऐकू येणारच. तो झाला पडसाद. जागा लहान असती तर परत येणारे आवाज एकमेकांत मिसळले असते आणि कानाला एकच भरलेला, लांबलेला नाद लागला असता. ते झालं घुमणं. एवढ्या मोठ्या घुमटात टाळी घुमत नाही आणि आजीच्या घागरीत फुंकर घुमते!

परत आल्यावर मला राहवेना, म्हणून शब्दकोश काढला आणि चांगलीच तोंडावर पडले. 'घुमट' हा शब्द 'घुमणं'वरून आलेलाच नाही. तो फारसी 'गुंबद'. त्याचा गुंबज झाला, तोही मराठीत आहे, आणि आपल्याकडे येता येता घुमट झाला. फारसीत नुसता कळसाकडचा गोल बांधकामाचा भाग, आवाजाचा संबंध नाही. भाचीला इंदूरला फोन करून सांगितलं, तुझ्या मोबाईलमधलं ते पुस. ती म्हणाली, "पण मामी, 'ग'चा 'घ' कसा झाला मग?"

हुशार आहे पोरगी. याचं उत्तर कोशात मिळालं नाही, पण माझं मत सांगते. परका शब्द घरी आला की आपण त्याला ओळखीच्या कुणासारखा तरी बघतो. गुंबदाखाली उभं राहिलेल्या पहिल्या मराठी माणसानं खाकरून बघितलं असणार, आवाज घुमला असणार, आणि गुंबदाचा 'ग' तिथंच जड झाला असणार. म्हणजे माझी व्युत्पत्ती चुकली, पण ज्यांनी शब्द वळवला त्यांचीही बहुधा हीच चूक झाली होती. एवढ्यावर मी स्वतःचं समाधान करून घेतलं.

हा झाला 'तो' घुमट. आता 'ते' घुमट.

माझं माहेर गोव्यात, फोंडा तालुक्यात. तिथं घुमट म्हणजे वाद्य, आणि ते नपुंसकलिंगी: ते घुमट, ती घुमटं. भाजलेल्या मातीचा घडा, त्याला दोन तोंडं. मोठ्या तोंडावर चामडं ओलं असताना ताणून, दोरीनं आवळून बांधतात. धाकटं तोंड उघडं. उजव्या हातानं चामड्यावर वाजवायचं आणि डाव्या तळव्यानं धाकटं तोंड झाकत-उघडत राहायचं. खरी करामत डाव्या हाताची. तोंड जेवढं झाकाल तेवढी आतल्या हवेची वाट अरुंद होते आणि आवाज खाली उतरतो. उघडलं की वर चढतो. चामडं फक्त सुरुवात करून देतं, बोलते ती घड्यातली हवा. हे घुमट मात्र घुमण्यावरूनच आलं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आणि मौज बघा, फोंड्याकडच्या देवळांना वर घुमट असतात. त्या घुमटाखाली ही घुमटं वाजतात, तेव्हा फारसी पाहुणा आणि घरची लेक एकाच आरतीला उभी असतात.

चतुर्थीला आमच्या वाड्यावर घरोघर घुमट आरती व्हायची. घुमटं पाच-सहा, काठ्यांनी वाजवायचं शामेळ, आणि कासाळें म्हणजे मोठी झांज. दिवसभर कोंकणीत बोलणारी माणसं रात्री आरत्या मराठीत म्हणायची आणि त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. शेजारच्या ख्रिस्ती घरांत व्हायोलिनबरोबर मांडो गायचे, त्यालाही घुमटच लागायचं.

माझे बाबा वाड्यातले चांगले वादक. आणि माणूस घुमा. दिवसाला वीस वाक्यं बोलले तर पुष्कळ. आईची तक्रार असायची, की या माणसाच्या मनात काय आहे ते मला चतुर्थीच्या चतुर्थीला कळतं.

त्यांचं घुमट घोरपडीच्या चामड्याचं होतं. तेव्हा सगळ्यांचीच तशी असत. घोरपड मारायला बंदी करणारा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, पण गावोगाव ती घुमटं नंतरही कितीतरी वर्षं वाजत होती. एका वर्षी माझा भाऊ कॉलेजातून शिकून आला आणि ओसरीवर बाबांशी वाद घालायला लागला. एका घुमटासाठी एक जीव जातो, आणि तुम्ही तेच देवापुढं वाजवता, वगैरे. बाबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उठलो तर ते मागच्या दारी बसून विळ्यानं दोऱ्या कापत होते. चामडं त्यांनी कुळागरात पुरलं. घडा धुऊन माळ्यावर ठेवला.

भाऊ बरोबर होता. आजही मला तसंच वाटतं. पण त्या सकाळी त्याचाही चेहरा जिंकल्यासारखा नव्हता.

नंतर सगळीकडं बकऱ्याचं चामडं आलं. २०१९ मध्ये गोवा सरकारनं घुमट हे राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं, शाळांतून मुलं शिकायला लागली, स्पर्धा होऊ लागल्या. बाबांनी एकदा दुसऱ्याचं बकऱ्याचं घुमट हातात घेतलं होतं. दोन थापा मारल्या आणि परत दिलं. "घुमत नाही. बडबडतं," एवढंच म्हणाले. त्यानंतर आरतीला ते टाळ्या वाजवत मागे उभे राहायचे. असं किती वर्षं चाललं ते मी मोजलेलं नाही.

यंदा चतुर्थीला मी माहेरी गेले. बाबा आता चौऱ्याऐंशीचे आहेत, ऐकायला फारच कमी येतं. यंत्र दिलंय, पण ते खिशातच असतं. भाचा दहावीत आहे, दोन वर्षं घुमट शिकतोय. त्यानं आजोबांना न विचारता माळ्यावरचा घडा काढला होता आणि डिचोलीहून त्याला बकऱ्याचं चामडं बसवून आणलं होतं. आरतीच्या आधी तो ते घेऊन आजोबांसमोर बसला आणि वाजवायला लागला. चांगला वाजवतो. भाऊ दारात उभा होता, आत येत नव्हता.

मला वाटलं, बाबांना यातलं काय ऐकू येणार? पण त्यांनी यंत्रही शोधलं नाही. हात पुढं करून तळवा घड्याच्या पोटावर ठेवला आणि डोळे मिटले. भाचा वाजवत राहिला. मला एकदम इंदूरच्या भाचीचा प्रश्न आठवला, गप्प माणसाला घुमा का म्हणतात. मे महिन्यात न सुचलेलं उत्तर तिथं माझ्यासमोर हात ठेवून बसलं होतं.

थोड्या वेळानं बाबा म्हणाले, "चामडं नरम पडलंय. पावसाचं असंच होतं. चुलीकडं धर जरा."

भाचा मागच्या दारी पळाला. तिथं आंघोळीच्या पाण्याची चूल पेटलेली होती. "फार जवळ नको, तडकेल!" बाबा ओरडले. ऐकू न येणारी माणसं ओरडतात तसे, सगळ्या वाड्याला ऐकू जाईल एवढ्यानं. भाचा घुमट शेकून परत आला. बाबांनी ते त्याच्या हातातून घेतलं, दोरी गळ्यात अडकवली, डावा तळवा धाकट्या तोंडावर टेकवला आणि एक थाप मारली. मग तळवा हळूहळू उचलला.

आरती संपेपर्यंत त्यांनी ते परत दिलं नाही. भाचा शेवटी झांज घेऊन उभा राहिला.